शिट्टी, हात आणि पेनल्टी: वाचकांचे प्रश्न, पंचांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत फुटबॉलमधल्या पेनल्टीचेच प्रश्न जास्त आहेत. सगळी उत्तरं २०२५-२६ च्या नियमांना धरून दिली आहेत. जुने नियम पाठ असलेल्यांना काही ठिकाणी फरक जाणवेल, कारण गेल्या काही वर्षांत या एकाच प्रकरणात बरेच बदल झाले आहेत.

प्रश्न: नमस्कार. काही पंच फाऊल दिसताच शिट्टी वाजवून लगेच पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात करतात. काही शिट्टी वाजवून क्षणभर थांबतात आणि मग हात करतात. बरोबर पद्धत कोणती?

थांबणाऱ्याची. शिट्टी म्हणजे खेळ थांबला. हात म्हणजे निर्णय झाला. या दोन्हींच्या मध्ये एक-दोन सेकंद मिळतात आणि ती वाया घालवायची नसतात. तेवढ्यात पंचाला तीन गोष्टी पक्क्या करायच्या असतात: संपर्क नेमका कुठे झाला, कोणाकडून झाला, आणि साहाय्यक पंच काय करतो आहे. हात एकदा ठिपक्याकडे गेला की परत घेणं फार अवघड. एका संघाने जल्लोष सुरू केलेला असतो, दुसरा अंगावर धावून आलेला असतो. शिट्टीनंतर क्षणभर थांबलं तर कोणी बोट ठेवत नाही.

शिट्टी लांब आणि जोरात हवी. मैदानाच्या मध्यावरच्या साध्या फाऊलसाठी वाजवतो तशी तोकडी शिट्टी इथे वाजवली, तर खेळाडूंना पंचच साशंक वाटतो. त्यानंतर पेनल्टी एरियाच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) दिशेने धावत जा, हात खांद्यापासून सरळ करा आणि तळहात किंवा बोट जमिनीवरच्या ठिपक्याकडे स्पष्ट खाली रोखलेलं ठेवा.

चूक होते ती इथे. पंच तीस मीटरवर उभा राहतो आणि हात आडवा करतो. आडवा हात म्हणजे डायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येतो ती) आणि तिची दिशा. फाऊल एरियाच्या रेषेजवळ झालेला असेल तर त्या हाताचा अर्थ अर्धे खेळाडू पेनल्टी असा लावतात आणि अर्धे फ्री किक असा. म्हणून आधी जवळ जायचं आणि हात खाली रोखायचा. ठिपक्यापाशी खेळाडूंचा घोळका जमायला लागला तर तिथे उभं राहू नका. बाजूच्या मोकळ्या जागेत सरका आणि खेळाडूंना तुमच्याकडे यावं लागेल असं करा.

प्रश्न: अपील झालं, पण फाऊल नव्हता. अशा वेळी ‘काही नाही, खेळा’ हे हाताने कसं दाखवायचं?

त्यासाठी नियमपुस्तकात खूण नाही. मान हलवा, मोठ्याने ‘काही नाही, खेळा’ म्हणा आणि खेळाबरोबर पुढे पळा. अनेक नवे पंच इथे दोन्ही हात पुढे पसरतात. ती खूण अ‍ॅडव्हान्टेजची आहे. तिचा अर्थ ‘फाऊल झाला आहे, मी पाहिला आहे, पण ज्याच्यावर झाला त्या संघाचा फायदा म्हणून खेळ चालू ठेवतो’. फाऊल नसताना ती खूण दिली की आक्रमक संघ साहजिकच विचारतो, ‘सर, तुम्हीच फाऊल मान्य केलात, मग पेनल्टी का नाही?’ आणि त्याला द्यायला उत्तर नसतं. (अ‍ॅडव्हान्टेज एका हातानेही दाखवता येतं. पळताना ते सोपं जातं.)

प्रश्न: मग खराखुरा फाऊल झाला असेल तर पेनल्टी एरियात अ‍ॅडव्हान्टेज द्यावं का? माझ्या मते पेनल्टी केव्हाही जास्त फायद्याची.

बहुतेक वेळा तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आक्रमकाला धक्का बसला, तो सावरला आणि समोर रिकामा गोल आहे, अशा वेळी शिट्टी वाजवून गोल हिरावून घेणं वाईटच. इथे शिट्टी तोंडाजवळ न्या, पण वाजवू नका आणि हातही हलवू नका. एक-दोन सेकंद पाहा. चेंडू लगेच निसटला तर पेनल्टी द्या. नियम ‘काही सेकंदांची’ मुभा देतो. मात्र खेळाडूला मोकळा, स्वच्छ फटका मिळाला आणि त्याने तो बाहेर मारला, तर फायदा मिळून गेला. त्यानंतर मागे येऊन पेनल्टी देणं म्हणजे एका फाऊलच्या बदल्यात दोन संधी. एरियात हाताची खूण घाईने करू नका म्हणतो ते याचसाठी. खूण केली नसेल तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

प्रश्न: फाऊल रेषेवर झाला तर आत की बाहेर? आणि एरियाच्या टोकाला जो अर्धगोल असतो त्यात फाऊल झाला तर?

रेषा एरियाचा भाग आहे. रेषेवर संपर्क म्हणजे पेनल्टी. अर्धगोल मात्र एरियाबाहेर आहे, तिथे फ्री किकच मिळते. तो आखला आहे फक्त पेनल्टी मारताना बाकीच्या खेळाडूंना ठिपक्यापासून ९.१५ मीटर लांब ठेवण्यासाठी. ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर आणि एरियाची कड १६.५ मीटरवर, म्हणजे ठिपक्यासमोर नुसत्या कडेबाहेर उभं राहिलं तर अंतर जेमतेम साडेपाच मीटर भरतं. उरलेलं अंतर हा अर्धगोल पुरवतो. पेनल्टीचा नियम १८९१ चा, एरियाची चौकट १९०२ ची, अर्धगोल थेट १९३७ चा.

जागा ठरते ती संपर्काची. पाय बाहेर अडकला आणि खेळाडू आत जाऊन पडला, तर फ्री किक. हँडबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हाताने खेळण्याच्या गुन्ह्यात, हात जिथे चेंडूला लागला ती जागा धरायची, पाय कुठे होते ते पाहायचं नाही. धरून ठेवण्याचा प्रकार मात्र वेगळा: बचावपटूने बाहेर जर्सी धरली आणि आत येईपर्यंत सोडली नाही, तर पेनल्टीच द्यायची. हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी इथे हमखास बाहेरची फ्री किक दिली जाते.

रेषेजवळच्या निर्णयात साहाय्यक पंचाची हालचाल मोलाची असते. फाऊल आत झाला आणि मुख्य पंचाच्या नजरेआड गेला, तर साहाय्यक आधी पंचाशी नजर मिळवतो. पंचाने काहीच केलं नसेल तर तो झेंडा वर करतो, झेंड्याच्या दांड्यात बझर असेल तर तो दाबतो, आणि टचलाइनवरून (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवरून) कॉर्नरच्या झेंड्याकडे ठळकपणे चालू लागतो. फाऊल बाहेरचा असेल तर तो मध्यरेषेच्या दिशेने सरकतो. शिट्टी आणि हात यांच्यामधल्या त्या दोन सेकंदांत पंचाने पाहायचं ते हेच. साहाय्यक जागेवर खिळून राहिला तर पंचाला काहीच कळत नाही. म्हणून सामन्याआधीच्या बोलण्यात हा मुद्दा पहिल्यांदा घ्या.

प्रश्न: बॅकपास, म्हणजे सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू, गोलकीपरने हातात घेतला. स्वतःच्या एरियात हँडबॉल, तर पेनल्टी का नाही?

कारण स्वतःच्या एरियात गोलकीपरला हाताच्या वापराबद्दल डायरेक्ट फ्री किकची शिक्षा होत नाही, आणि पेनल्टी मिळते ती डायरेक्ट फ्री किकच्या गुन्ह्यांनाच. इथे इनडायरेक्ट फ्री किक, जिच्यावर थेट गोल होत नाही. जागा गोल एरियाच्या (गोलसमोरच्या छोट्या चौकटीच्या) आत येत असेल तर चेंडू त्या एरियाच्या गोलरेषेला समांतर असलेल्या रेषेवर, म्हणजे गोलपासून ५.५ मीटरवर, आणून ठेवायचा. बचाव करणाऱ्यांनी ९.१५ मीटर लांब राहायचं. तेवढी जागाच नसेल तर त्यांना दोन खांबांच्या मध्ये गोलरेषेवर उभं राहता येतं.

हाताच्या खुणेवर निकाल फिरतो तो इथेच. एक हात डोक्यावर सरळ उभा ठेवायचा, आणि किक मारल्यावरही खाली घ्यायचा नाही. चेंडू दुसऱ्या कोणाला लागेपर्यंत, बाहेर जाईपर्यंत किंवा थेट गोल होणं शक्य नाही हे दिसेपर्यंत तो वर हवा. पंच हात वर करायला विसरला आणि चेंडू थेट गोलमध्ये गेला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. भिंत लावणं, अंतर मोजणं, खेळाडूंना मागे सारणं या गडबडीत हात नकळत खाली येतो. आधी व्यवस्था लावा, मग हात वर करा, आणि शेवटी शिट्टी वाजवा. हा क्रम अंगवळणी पडला की विसरायला होत नाही.

प्रश्न: चेंडू हाताला लागला की पेनल्टी, एवढं सोपं का ठेवत नाहीत?

तसं केलं तर आक्रमक गोलवर मारण्याऐवजी हातावर नेम धरतील. नियमातच म्हटलं आहे की हाताला झालेला प्रत्येक स्पर्श गुन्हा नाही. पाहायचं ते असं: हात चेंडूकडे मुद्दाम गेला का? नसेल, तर हाताने शरीराचा आकार अनैसर्गिकपणे वाढवला का, म्हणजे त्या क्षणीच्या हालचालीला तो हात तिथे असणं शोभतं का? पळताना, उडी मारताना हात अंगापासून थोडे सुटणारच. खांद्याच्या उंचीवर फैलावलेला हात मात्र खेळाडूने जोखीम पत्करून ठेवलेला असतो. हाताची वरची हद्द काखेच्या तळापर्यंत धरतात. त्याच्या वर लागलं तर तो खांदा.

निर्णय दिल्यावर दंडावर थाप मारून दाखवणं किंवा जर्सी ओढण्याची नक्कल करणं बंधनकारक नाही. एखादी साधी खूण किंवा एक शब्द हरकत नाही. पूर्ण नाट्य करून दाखवलं, तर खेळाडू निर्णयाऐवजी त्या नकलेवर वाद घालतात.

प्रश्न: पेनल्टी दिली म्हणजे लाल कार्ड ठरलेलंच ना?

नाही. पेनल्टी आणि कार्ड यांचे निर्णय वेगवेगळे घ्यायचे. आधी ठरवा की गोलची उघड संधी हिरावली गेली का: गोलपर्यंतचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता, बचावपटू किती आणि कुठे होते. संधी हिरावली असेल आणि बचावपटू चेंडूसाठी झगडताना चुकला असेल, तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड. हा बदल २०१६ चा. धरणं, ओढणं, ढकलणं किंवा चेंडू खेळण्याची शक्यताच नसताना पाडणं, याला पेनल्टी आणि लाल. हँडबॉलने संधी रोखली तर मुद्दाम असल्यास लाल, मुद्दाम नसल्यास २०२४ पासून पिवळं. अर्थात रांगडा, धोकादायक टॅकल असेल तर संधीचा हिशेब न करता लालच.

पत्रलेखकाने पुढे विचारलं आहे की आश्वासक हल्ला थांबवला, पण उघड संधी नव्हती तर काय? चेंडूसाठीचा प्रयत्न असेल तर पेनल्टी पुरे, कार्ड नाही.

प्रश्न: पेनल्टी मारण्याआधी पंचाने काय काय तपासावं? आमच्या सामन्यांना एकच पंच असतो.

चेंडू स्थिर हवा आणि त्याचा काही भाग ठिपक्याच्या मध्याला टेकलेला किंवा मध्याच्या वर आलेला हवा. कडेवर ठेवून भागत नाही. किकर कोण ते त्याच्या तोंडून पक्कं करून घ्या. वेगळ्याच खेळाडूने मारली तर इनडायरेक्ट फ्री किक आणि मारणाऱ्याला पिवळं. जखमी खेळाडूवर मैदानात उपचार झाले की त्याला सहसा बाहेर जावं लागतं, पण तोच पेनल्टी मारणार असेल तर त्याला थांबता येतं. बाकीचे सगळे एरियाबाहेर, ठिपक्याच्या मागे आणि ९.१५ मीटर लांब. खांब, आडवी दांडी आणि जाळी हलत नसावी. कीपर दांडीला लोंबकळून खाली उतरला असेल तर ती थांबेपर्यंत वाट पाहा.

कीपरशी दोन वाक्यं बोला: ‘खांबाला हात नको, किकरचं लक्ष विचलित करायचं नाही. फटका बसेपर्यंत एक पाय रेषेवर.’ नेमकं सांगायचं तर, चेंडूला पाय लागतो त्या क्षणी कीपरच्या एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेच्या मागे असायला हवा. आधीच बोललं की पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

मग शिट्टी. शिट्टीआधी मारलेली किक पुन्हा घ्यायची.

साहाय्यक असतील तर ते गोलरेषा आणि पेनल्टी एरियाची रेषा जिथे मिळतात तिथे उभे राहून कीपरचे पाय आणि गोलरेषा पाहतात, मुख्य पंच किकर आणि किकआधीच एरियात घुसणाऱ्यांकडे पाहतो. एकटेच असाल तर ठिपक्याच्या बाजूला, जरा गोलकडे सरकून असा कोन धरा की कीपर आणि किकर एका नजरेत येतील. सगळं दिसणार नाही. जे ठळक दिसेल तेवढ्यावरच निर्णय द्या.

प्रश्न: कीपर पुढे आला, दोन बचावपटू आत घुसले आणि एक आक्रमकही घुसला. आता पुन्हा किक की नाही? दर वेळी वेगळंच ऐकायला मिळतं.

वेगळं ऐकू येतं कारण नियम बदलले. एकेक घेऊ.

फक्त कीपर चुकला: चेंडू गोलमध्ये गेला तर गोल. कीपरने अडवला तर पुन्हा किक. चेंडू बाहेर गेला किंवा खांब-दांडीला लागून परतला, तर कीपरच्या चुकीचा किकरवर उघड परिणाम झाला असेल तरच पुन्हा. पहिल्या वेळी कीपरला ताकीद, पुन्हा केलं तर पिवळं.

आत घुसणाऱ्यांबाबत २०२४ पासून नुसतं घुसणं पुरेसं नाही. आक्रमकाने घुसून कीपरवर उघड परिणाम केला, किंवा परतलेला चेंडू खेळून किंवा त्यासाठी प्रतिस्पर्ध्याशी झुंजून गोल केला, गोलचा प्रयत्न केला, संधी निर्माण केली, तरच गुन्हा. अशा वेळी मूळ किकवरच गोल झाला असेल तर पुन्हा किक, नसेल तर बचाव संघाला इनडायरेक्ट फ्री किक. बचावपटूचंही तसंच: किकरवर परिणाम झाला, किंवा त्याने परतलेला चेंडू हटवून गोल, प्रयत्न किंवा संधी रोखली, तर गुन्हा. गोल झाला तर गोल धरायचा, नाहीतर पुन्हा किक. दोन्ही बाजूंनी असे गुन्हे झाले तर पुन्हा किक.

म्हणजे तुमच्या प्रसंगात पहिला प्रश्न ‘कोण घुसलं’ हा नाही, ‘घुसून काय केलं’ हा आहे. तिघेही घुसून नुसते उभे राहिले असतील तर त्यांना विसरा आणि कीपरचा निर्णय घ्या.

प्रश्न: धावत येताना थबकणं चालतं का?

धावताना चालतं. धाव पूर्ण झाल्यावर, फटका मारायच्या क्षणी पाय रोखून फसवणं चालत नाही. गोल झाला तरी इनडायरेक्ट फ्री किक आणि किकरला पिवळं. पुन्हा किक नाही.

प्रश्न: मारताना पाय घसरला आणि चेंडू दुसऱ्या पायाला लागून गोलमध्ये गेला. आता?

मार्च २०२५ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि रिअल माद्रिद यांच्यातल्या चॅम्पियन्स लीगच्या शूटआउटमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींमध्ये) हुलियन आल्वारेझचा गोल याच कारणाने रद्द झाला आणि त्यानंतर नियम स्पष्ट केला गेला. अनवधानाने दोन्ही पायांनी एकदमच फटका बसला, किंवा मारल्या मारल्या चेंडू दुसऱ्या पायाला लागला आणि गोल झाला, तर पुन्हा किक. गोल झाला नाही तर इनडायरेक्ट फ्री किक, शूटआउटमध्ये ती किक हुकलेली धरायची. मुद्दाम दोनदा खेळला तर पुन्हा संधी मिळत नाही.

प्रश्न: टीव्हीवर पंच कानाला बोट लावतात, मग हवेत चौकोन काढतात. दोन्हींत फरक काय?

कानाला बोट आणि दुसरा हात पुढे म्हणजे व्हीएआरची (व्हिडिओ पाहणाऱ्या साहाय्यक पंचाची) तपासणी चालू आहे, खेळ सुरू करू नका. हवेतला चौकोन म्हणजे निर्णयाचा औपचारिक फेरविचार. तो फेरविचाराआधी दाखवतात आणि नंतर अंतिम निर्णय देतानाही. तपासणी सगळ्याच पेनल्टी प्रसंगांची होते, फेरविचार ठळक, उघड चूक दिसली तरच. संपर्क कितपत जोराचा होता यासारख्या मताच्या प्रश्नावर पंच सहसा स्वतः पडद्यापाशी जातो. फाऊल आत की बाहेर, ही मोजून कळणारी गोष्ट असल्याने बहुधा नुसत्या निरोपावर निर्णय बदलतो. मैदानावर मूळ निर्णय मात्र पंचालाच द्यावा लागतो, ‘तुम्हीच बघा’ म्हणता येत नाही. खेळाडूने हवेत चौकोन काढून व्हीएआरसाठी हट्ट धरला तर त्याला पिवळं कार्ड मिळतं.

प्रश्न: वेळ संपल्यावर दिलेल्या पेनल्टीत परतलेल्या चेंडूवर गोल होऊ शकतो का?

फक्त त्या किकसाठी वेळ वाढवला असेल तर नाही. चेंडू खांबाला लागून कीपरच्या पाठीवर आदळून आत गेला तर गोल आहे, कारण कीपरचा स्पर्श चालतो. दुसऱ्या कोणीही, खुद्द किकरनेही, चेंडू खेळला की किक संपली. हे खेळाडूंना आधीच मोठ्याने सांगा आणि बाकीच्यांना पार मागे पाठवा. चेंडू परतला आणि सवयीने कोणी तो आत ढकलला, तर त्यानंतरच्या गोंधळात समजावणं कठीण जातं.